रुग्णाचे ‘नाही’ कितपत खरे?

‘तंबाखू खाता का?’ या प्रश्नाला एखादी गर्भवती ‘नाही’ असे उत्तर देते आणि त्याच दिवशी सकाळी तिने दातांना मशेरी लावलेली असते. ती खोटे बोलली काय? तिच्या भाषेपुरते तरी नाही. आपल्याकडे विडी ओढतात, गुटखा खातात, दारू पितात किंवा चारचौघांत नुसतीच ‘घेतात’. मशेरी मात्र लावतात. तंबाखूची पाने तव्यावर काळी होईपर्यंत भाजून केलेली ही पूड घरात येते ती दात घासण्यासाठी. पुढे ती दिवसातून चार-चार वेळा हिरड्यांवर फिरू लागली, तिच्यावाचून डोके दुखू लागले, तरी तिचा दर्जा दंतमंजनाचाच राहतो. प्रश्न विचारणाऱ्याच्या तक्त्यात मात्र त्या उत्तरासमोर शून्य पडते आणि त्या शून्यावर पुढची सारी गणिते उभी राहतात.

वैद्यकीय संशोधनातील हा एक जुना आणि चिवट प्रश्न आहे. रक्तदाब यंत्राने मोजता येतो, साखर रक्तातून कळते. परंतु दिवसाला सिगारेटी किती, आठवड्याला मद्य किती, गांजाला शेवटचा हात कधी लावला, हे बहुतेक वेळा रुग्णालाच विचारावे लागते. विचारणे स्वस्त असते, झटपट होते आणि त्याचा एक असा फायदा आहे की जो कोणत्याही प्रयोगशाळेला देता येत नाही. माणूस गेल्या वीस वर्षांचे सांगू शकतो. लघवीचा नमुना फार तर गेल्या काही दिवसांचे सांगतो. म्हणूनच औषधांच्या चाचण्या असोत की लोकसंख्येची पाहणी, व्यसनांविषयीची बरीचशी माहिती आजही ‘त्यांनी सांगितले’ या दोन शब्दांवर टेकलेली आहे.

आणि सांगणारा माणूस म्हणजे आपणच. प्रस्तुत लेखकानेही एका वैद्यकीय तपासणीच्या अर्जावर मद्यपानाच्या रकान्यात ‘क्वचित’ असे लिहिले होते. क्वचित म्हणजे महिन्यातून किती वेळा, हे अर्जाने विचारले नव्हते आणि आपणहून सांगण्याची हौसही नव्हती.

शंभर ग्रॅमचा हिशेब

अशा उत्तरांवर काय काय अवलंबून असते, याचे मुंबईतलेच एक उदाहरण पाहण्याजोगे आहे. प्रकाश गुप्ता आणि एस. श्रीविद्या यांनी मुंबईत घरोघरी जाऊन १,२१७ गर्भवतींची नोंद केली आणि प्रसूतीपर्यंत त्यांचा मागोवा घेतला. त्यांचा निबंध २००४ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये प्रसिद्ध झाला. या स्त्रियांपैकी सुमारे १७ टक्के स्त्रिया धूरविरहित तंबाखू वापरत होत्या आणि त्यात मशेरीच प्रमुख होती. अन्य घटकांचा परिणाम वजा केल्यानंतरही या स्त्रियांच्या बाळांचे वजन सरासरी १०५ ग्रॅमने कमी भरले आणि गर्भावस्थेचा काळ सरासरी सहा दिवसांनी आखूड निघाला. गर्भावस्थेतील सिगारेटचे दुष्परिणाम पाश्चात्त्य देशांत तेव्हा सर्वज्ञात होते. धूर नसलेली तंबाखूही निर्धोक नाही, हे या अभ्यासाने ठळकपणे पुढे आणले.

आता समजा, मशेरी लावणाऱ्या काही जणींनी ती सांगितलीच नाही. त्या ‘न वापरणाऱ्या’ गटात जाऊन बसतील. मशेरीमुळे वजन प्रत्यक्षात १२० ग्रॅमने घटत असेल आणि ‘नाही’ म्हणणाऱ्या दर शंभर जणींमध्ये दहा जणी वापरणाऱ्या असतील, तर त्या गटाचीच सरासरी १२ ग्रॅमने खाली येईल. संशोधकाला दिसणारा फरक १२० नव्हे, तर १०८ ग्रॅमचा असेल. (हे आकडे केवळ उदाहरणादाखल आहेत.) म्हणजे लपविण्याने धोका वाढलेला दिसत नाही, उलट सौम्य झालेला दिसतो. त्याची दुसरी बाजूही आहे. केवळ अतिरेकी वापर करणाऱ्याच स्त्रियांनी कबुली दिली आणि थोडे वापरणाऱ्यांनी दिली नाही, तर आकडा फुगू शकतो. आपली चूक नेमकी कोणत्या दिशेला झाली आहे, हे केवळ उत्तरांकडे पाहून संशोधकाला कळत नाही, ही यातली खरी अडचण.

गर्भवती अधिक लपवतात, हे मोजले गेलेले आहे. अमेरिकेतील राष्ट्रीय आरोग्य पाहणीच्या १९९९ ते २००६ या काळातील नोंदी आणि त्याच स्त्रियांच्या रक्तातील कोटिनीन यांची तुलना २०११ मध्ये प्रसिद्ध झाली. कोटिनीन म्हणजे निकोटिनचे शरीरात रूपांतर होऊन तयार होणारे द्रव्य. रक्ताच्या साक्षीने धूम्रपान करणाऱ्या ठरलेल्या स्त्रियांपैकी, गर्भवती नसलेल्यांत सुमारे ९ टक्क्यांनी ते नाकारले होते. गर्भवतींत हे प्रमाण जवळपास २३ टक्के होते. दोन्ही गटांतील स्त्रिया एकाच देशातल्या, प्रश्नही तेच. पोटातल्या बाळामुळे उत्तराला चिकटलेली लाज तेवढी वेगळी होती.

सुटली की सोडली म्हटले?

व्यसनमुक्तीच्या उपचारांची परीक्षा घेताना हा प्रश्न अधिक अवघड होतो. एका गटाला वारंवार समुपदेशन मिळते, दुसऱ्याला एक पत्रक. सहा महिन्यांनी दोघांना विचारायचे, ‘सोडली का?’ ज्याच्यासाठी समुपदेशकाने सहा महिने घसा कोरडा केला, त्याला ‘नाही सोडली’ म्हणणे जड जाते. पत्रक मिळालेल्याला कसलीच भीड नसते. समजा, दोन्ही गटांत प्रत्येकी शंभर जण आहेत. पहिल्यातील ३० आणि दुसऱ्यातील २० जण सोडल्याचे सांगतात. लाळ तपासली तर पहिल्यात २२ आणि दुसऱ्यात १८ निघतात. दहाचा फायदा चारवर आला. उपचाराचा गुण आणि उपचारकाची भीड यांची सरमिसळ होते ती अशी.

ही भीती कल्पनेतली नाही. अमेरिकेत १९७० च्या दशकात हृदयविकार टाळण्यासाठी १२,८६६ पुरुषांवर एक मोठी चाचणी सुरू झाली होती. त्यात धूम्रपान सोडल्याचा दावा रक्तातील थायोसायनेट या द्रव्याशी ताडून पाहिला गेला. तोंडी दावा आणि मोजमाप यांत तफावत आढळली आणि ज्यांना सोडण्याचा विशेष सल्ला दिला जात होता, त्या गटात ती अधिक होती. पुढे २००५ मध्ये ब्रिटनमधील संशोधकांनी अशा चाचण्यांसाठी एक मानक सुचविले. लंडनच्या मॉडस्ली रुग्णालयातील तंबाखू-संशोधक मायकेल रसेल यांच्या नावावरून त्याला ‘रसेल मानक’ म्हणतात. त्यातील दोन अटी महत्त्वाच्या आहेत. व्यसन सोडल्याचा दावा शारीरिक चाचणीने पडताळायचा. आणि जो रुग्ण मध्येच संपर्काबाहेर गेला, त्याने सोडले नाही असेच धरायचे. दुसरी अट थोडी निष्ठुर वाटेल, पण सुटलेल्या माणसाला ते सांगायला यावेसे वाटते आणि न सुटलेला फोन उचलत नाही, हा व्यवहार कोणाच्याही परिचयाचा आहे.

हीच गोष्ट उलट बाजूनेही घडते. न घेतलेले घेतले म्हणून सांगितले जाते. एचआयव्हीचा संसर्ग टाळणारे औषध निरोगी स्त्रियांना देऊन पाहणारी ‘व्हॉइस’ नावाची चाचणी २००९ ते २०१२ या काळात दक्षिण आफ्रिका, युगांडा आणि झिम्बाब्वे या देशांत झाली. पाच हजारांहून अधिक स्त्रिया तीत होत्या. त्यांच्या सांगण्यानुसार औषध नियमित घेण्याचे प्रमाण सुमारे ९० टक्के होते. परत आलेल्या गोळ्या मोजल्या तरी ते ८६ टक्के भरले. प्रत्यक्षात तपासलेल्या रक्ताच्या नमुन्यांपैकी जेमतेम २५ ते ३० टक्क्यांतच औषध सापडले. रक्त साठवून ठेवले नसते, तर ‘औषध निरुपयोगी’ असा शेरा मारून सारे घरी गेले असते. तेच औषध नियमित घेतल्यास उपयोगी पडते, हे अन्य चाचण्यांतून सिद्ध झालेले आहे.

विचारणारा कोण?

तर मग रुग्णाच्या शब्दावर विश्वास ठेवूच नये काय? एवढ्या टोकाला जाण्याचे कारण नाही. धूम्रपानाविषयीचे तोंडी उत्तर आणि शारीरिक चाचणी यांची तुलना करणारे २६ अहवाल एकत्र करून १९९४ मध्ये एक आढावा प्रसिद्ध झाला. चाचणीने धूम्रपान करणारे ठरलेल्यांपैकी सरासरी ८७ टक्क्यांनी ते मान्य केले होते आणि न करणारे ठरलेल्यांपैकी ८९ टक्क्यांचे उत्तर जुळले होते. साध्या पाहणीत, प्रौढ माणसाला, समोर बसून विचारले असता लोक बरेचसे खरे सांगतात. बिघडते ते उत्तरामागे काही पणाला लागलेले असते तेव्हा.

याची दोन टोके अमेरिकेतच सापडतात. व्हिएतनाममधून १९७१ च्या सप्टेंबरमध्ये परतलेल्या सैनिकांपैकी सुमारे ९०० जणांच्या मुलाखती सेंट लुई येथील वॉशिंग्टन विद्यापीठाच्या ली रॉबिन्स यांनी पुढच्या वर्षी घेतल्या. जवळपास निम्म्या सैनिकांनी तिकडे हेरॉइन किंवा अफू वापरून पाहिल्याचे सांगितले. पाचांपैकी एकाने आपण तिच्या आहारी गेल्याचेही सांगितले. परतल्यावर मात्र पुन्हा आहारी गेलेले अगदी थोडे होते. हेरॉइन सुटत नाही, असा तेव्हाचा दृढ समज. साहजिकच अनेकांना हे पटले नाही. सैनिक खोटे बोलत असावेत, असाही आक्षेप आला. परंतु रॉबिन्स यांच्यापाशी लष्कराच्या नोंदी होत्या आणि मुलाखतीच्या वेळी घेतलेले लघवीचे नमुनेही होते. ते सैनिकांच्या बाजूने उभे राहिले. युद्ध मागे पडलेले, गणवेश उतरलेला, खरे सांगून गमावण्यासारखे फारसे काही उरले नव्हते.

दुसरे टोक डेट्रॉइटचे. तेथील जोखमीच्या परिस्थितीत वाढणाऱ्या किशोरवयीन मुलांचा एक अभ्यास ‘पीडिअॅट्रिक्स’ या नियतकालिकात २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. माहिती गोपनीय राहील, न्यायालयालाही मिळणार नाही, असे कायदेशीर संरक्षण मुलांना होते. तरीही मुलांच्या केसांच्या तपासणीत कोकेन सापडण्याचे प्रमाण त्यांनी दिलेल्या कबुलीच्या ५२ पट निघाले. त्यांच्या पालकांचे केस तपासले, तर तिथेही कबुलीच्या सहापट कोकेन! कागदावरचे संरक्षण आणि मनातला विश्वास या दोन वेगळ्या वस्तू आहेत, असे यावर म्हणता येईल. मात्र घरात इतरांनी वापरलेल्या पदार्थाचा अंश केसांवर बसू शकतो, हेही ध्यानात घ्यावे लागते.

समोर माणूस नसला तर? अमेरिकेतील १५ ते १९ वर्षे वयाच्या मुलांच्या १९९५ च्या पाहणीत काहींना छापील प्रश्नावली दिली आणि काहींच्या कानाला हेडफोन लावून संगणकाने प्रश्न ऐकविले. उत्तरे मुलांनी स्वतः कळफलकावर दाबली. इंजेक्शनने अमली पदार्थ घेतल्याची कबुली संगणकापुढे तिपटीहून अधिक आली. १९९८ मध्ये ‘सायन्स’मध्ये हे निष्कर्ष आल्यानंतर नाजूक प्रश्नांसाठी ही पद्धत जगभर पसरली. माणसाची नजर टाळता आली की उत्तर बदलते, हे कोणत्याही कीर्तनकाराला ठाऊक असलेले सत्य संगणकाने आकड्यांत मांडले, इतकेच.

त्याआधी एक गमतीदार, पण नैतिकदृष्ट्या अडचणीचा मार्ग वापरात होता. १९७१ मध्ये जोन्स आणि सिगॉल या मानसशास्त्रज्ञांनी असे सुचविले की, खरेखोटे ओळखणारे यंत्र आपल्यापाशी आहे असे समोरच्याला नुसते भासवावे. १९७७ मध्ये शाळकरी मुलांवर याचा प्रयोग झाला. लाळेतून निकोटिन कसे ओळखतात, याची फिल्म मुलांना आधी दाखविली, लाळ घेतली आणि मग विचारले. धूम्रपानाची कबुली वाढली. मुलांना फसवून खरे बोलते करणे कितपत उचित, हा प्रश्न तेव्हाही होता.

लाळ, श्वास आणि चूल

प्रयोगशाळेकडे वळलो की सारे स्वच्छ होते, असेही नाही. प्रत्येक चाचणीची एक खिडकी असते. कोकेनची खूण लघवीत दोन-तीन दिवस राहते. रोज गांजा ओढणाऱ्याच्या लघवीत ती महिनाभरही टिकू शकते. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो, म्हणून तीन सेंटिमीटर केस तीन महिन्यांची वही ठरते. पण काळ्याभोर केसांत काही पदार्थ अधिक साठतात. खसखस खाल्ल्यानेही लघवीत अफूचा अंश दाखविला जातो. याच कारणाने अमेरिकी सरकारने १९९८ मध्ये कर्मचाऱ्यांच्या अफूचाचणीची मर्यादा ३०० वरून २,००० नॅनोग्रॅमवर नेली. निकोटिनची चिकटपट्टी लावून तंबाखू सोडणाऱ्याच्या लाळेतही कोटिनीन असणारच. तो औषध घेतो आहे की चोरून सिगारेट, हे ती चाचणी सांगत नाही.

आपल्याकडे तर आणखी एक घोळ आहे. सिगारेट सुटली की नाही हे पाहण्यासाठी उच्छ्वासातील कार्बन मोनॉक्साइड मोजण्याची सोपी पद्धत सर्वत्र रूढ आहे. ती धूर मोजते. भारतात मात्र २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू पाहणीनुसार धूम्रपान करणारे १०.७ टक्के, तर धूरविरहित तंबाखू वापरणारे २१.४ टक्के होते. महाराष्ट्रात ही दरी अधिकच रुंद होती, ३.८ टक्के आणि २४.४ टक्के. विडी सोडून गुटख्याकडे वळलेल्या माणसाचा श्वास या यंत्रावर निर्मळ ठरेल. उलट ज्या बाईने आयुष्यात विडीला हात लावला नाही, पण जी रोज चुलीपुढे बसते, तिच्या श्वासात कार्बन मोनॉक्साइड वाढलेला सापडू शकतो. लंडनमध्ये योग्य ठरलेले मोजमाप इचलकरंजीत जसेच्या तसे चालत नाही. इथे कोटिनीनच पाहावे लागते आणि ते महाग पडते.

मद्याच्या बाबतीत कायदाही आडवा येतो. १९४९ च्या दारूबंदी कायद्यानुसार महाराष्ट्रात मद्य पिण्यासाठी आजही परवाना लागतो. तो किती जणांच्या खिशात असतो, हा भाग निराळा. पण पाहणीवाल्याच्या हातातला सरकारी कागद पाहून माणूस सावध होतो. शिवाय मोजमापाचा गोंधळ. ‘थोडीशी’ म्हणजे नाइन्टी की क्वार्टर? यावर लिंडा आणि मार्क सोबेल या दांपत्याने १९७० च्या दशकात विकसित केलेली दिनदर्शिकेची पद्धत आजही वापरली जाते. ‘महिन्याला किती?’ असे न विचारता रुग्णापुढे कॅलेंडर ठेवायचे, त्यावर पगाराचा दिवस, लग्नकार्य, सण यांच्या खुणा करायच्या आणि एकेक दिवस आठवायला लावायचा. गटारीच्या दिवसाची खूण केल्यावर ‘क्वचित’ हे उत्तर आपोआप आकड्यात उतरते. अलीकडे रक्तातील फॉस्फॅटिडिल इथेनॉल हे द्रव्य मोजून मागील दोन ते चार आठवड्यांतील मद्यपान ओळखता येते. तरीही किती पेग, कुठे आणि का, हे सांगायला माणूसच लागतो.

बेकायदा अमली पदार्थांबाबत तर घरोघरच्या पाहणीची मर्यादा सरकारनेच मान्य केली आहे. दिल्लीच्या एम्स संस्थेने केंद्र सरकारसाठी केलेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीत २,००,१११ घरांतून ४,७३,५६९ व्यक्तींच्या मुलाखती झाल्या. पण दारात उभ्या असलेल्या अनोळखी माणसाला, आईवडिलांच्या देखत, कोण सांगणार की मी हेरॉइन घेतो? अमली पदार्थांचे सेवन हाही १९८५ च्या कायद्यानुसार गुन्हाच. म्हणून संशोधकांनी दुसरा मार्ग जोडीला घेतला. १३५ जिल्ह्यांत व्यसनी व्यक्तींनीच आपल्या ओळखीच्या इतर व्यसनींना आणायचे, अशा साखळीतून ७२,६४२ जणांपर्यंत ते पोहोचले आणि दोन्हींच्या मेळातून देशाचे अंदाज बांधले.

आता पुन्हा मशेरीकडे. महाराष्ट्रात तंबाखू वापरणाऱ्या १५ वर्षांवरील पुरुषांचे प्रमाण २०१६-१७ च्या तंबाखू पाहणीत ३५.५ टक्के होते आणि २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत ३३.८ टक्के. दोन्ही आकडे जवळपास सारखे. स्त्रियांचे प्रमाण मात्र पहिल्या पाहणीत १७ टक्के, तर दुसरीत १०.९ टक्के आहे. मधल्या वर्षांत काही जणींनी तंबाखू सोडलीही असेल; नमुना वेगळा, प्रश्नांची मांडणी वेगळी. पण आणखी एक फरक आहे. पहिल्या पाहणीत घरातून निवडलेल्या एकाच प्रौढ व्यक्तीला तिच्याविषयी थेट विचारले जाते. दुसरीतील हा आकडा घराच्या प्रश्नावलीतून येतो आणि तिथे घरातील एक व्यक्ती सर्वांच्या वतीने उत्तर देते. सुनेच्या मशेरीच्या डबीबद्दल सासऱ्याला काय ठाऊक आणि ठाऊक असले तरी तो परक्या माणसाला काय सांगणार? सहा टक्क्यांच्या या फरकातील किती जणींच्या हातून डबी खरोखर सुटली, हे लाळेच्या नमुन्यावाचून ठरवता येणार नाही. आणि या दोन्ही पाहण्यांमध्ये तंबाखूची माहिती केवळ विचारूनच घेतलेली आहे.